बोटं आणि अंगठा: आरोहकांसाठीच्या पुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी

पुस्तिकेचं काम आजपासून सुरू. विषय: प्रस्तरारोहणात बोटांना आणि अंगठ्याला होणाऱ्या इजा. वाचक कोण, हे आधी ठरवून टाकलं. ते ठरलं नाही की मजकूर डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिल्यासारखा होतो. आमचा वाचक म्हणजे चढणारा माणूस. त्याचं बोट आत्ता दुखतंय आणि त्याला उद्या पुन्हा चढायचंय. चढू की थांबू, एवढंच त्याला विचारायचं असतं.

मजकूर माझ्याकडे, चित्रं चित्रकार मैत्रिणीकडे. प्रत्येक पान हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एक सर्जन तपासून देणार आहेत. पुस्तिका हात कोरडे ठेवायच्या खडूच्या पिशवीसोबत सहज नेता यावी, एवढीच आकाराची अट.

कच्ची अनुक्रमणिका: रचना, पुली, कंडरा, सांधे, अंगठा, मुलं, टेप, परत चढणं. हा क्रम शरीरशास्त्राच्या पुस्तकांचा आहे. सध्या असू दे.

१० जानेवारी

रचनेचं पान लिहिलं. सुरुवात अशी केली: बोटं मिटवायला लागणारं बळ बोटांत नसतं, ते कोपराखालच्या हातात असतं. तिथले स्नायू लांब कंडरांनी, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांनी, बोटं ओढतात. प्रत्येक बोटात अशा दोन कंडरा जातात. वरवरची कंडरा मधल्या पेराला चिकटते, खोलवरची शेवटच्या पेरापर्यंत पोचते. अंगठ्याला एकच लांब कंडरा असते, ती त्याच्या टोकाच्या पेरावर संपते.

या कंडरा हाडाला धरून ठेवणारे पट्टे म्हणजे पुली. आडवे पट्टे पाच, ए१ ते ए५. त्यांच्या मधे फुलीसारखे नाजूक पट्टे असतात. ए२ पहिल्या पेरावर आणि ए४ मधल्या पेरावर, हे दोन सगळ्यांत महत्त्वाचे. नेफ्यातून नाडी जाते तशी कंडरा या पट्ट्यांतून जाते. नेफा उसवला की नाडी सुटून बाहेर येते. पुली फाटली की कंडराही तशीच हाडापासून सुटून तळव्याच्या बाजूला ताणली जाते.

आता पकड. क्रिम्प पकडीत बोटाचा मधला सांधा जवळपास काटकोनात वाकतो आणि टोकाचा सांधा उलटा मागे दुमडतो. त्यावर अंगठा तर्जनीवर चढवला की फुल क्रिम्प. ओपन हँड पकडीत बोट बरंचसं सरळ राहतं. फरक किती पडतो, हे विगुरू आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या अभ्यासात मोजलेलं आहे. ओपन हँडच्या जातीच्या स्लोप पकडीत ए२ वरचं बळ क्रिम्पच्या तुलनेत ३६ पट कमी, ए४ वरचं ४ पट कमी. हे आकडे पानावर मोठ्या अक्षरात घ्यायचे. ‘क्रिम्प जपून वापरा’ असं कितीही वेळा सांगितलं तरी हा आकडा जेवढा पटतो तेवढं ते पटत नाही.

क्रिम्पला खलनायक ठरवायचं नाही, हेही ठरलं. बारीक कडेवर क्रिम्पशिवाय उभं राहता येत नाही. प्रश्न ती कधी, किती आणि किती तयारीने वापरायची हा आहे.

१७ जानेवारी

चित्रकाराबरोबर बसणं झालं. तिने बाजूने कापलेलं बोट काढलं आहे: एकात पुली शाबूत, एकात ए२ फाटलेली. फाटलेल्या चित्रात कंडरा हाडापासून फार दूर दाखवली होती. वाचक आपल्या बोटावर तसा फुगवटा शोधेल आणि दिसला नाही की ‘काही झालं नाही’ म्हणून चढायला लागेल. प्रत्यक्षात अंतर मिलिमीटरमध्ये असतं आणि एकट्या पुलीची फाट बाहेरून डोळ्यांना बहुधा दिसत नाही. चित्र बदलतोय.

२३ जानेवारी

पुलीचं प्रकरण. सगळ्यांत जास्त माहिती याच इजेबद्दल आहे, त्यामुळे छाटणीलाच वेळ गेला.

आरोहकांमधल्या या इजेचं वर्णन ब्रिटिश शल्यविशारद बोलेन यांनी १९८८ मध्ये केलं. आज जगभर वापरली जाणारी वर्गवारी जर्मन डॉक्टर फोल्कर शॉफल आणि सहकाऱ्यांची, २००३ सालची. पहिल्या श्रेणीत पुली नुसती ताणलेली. दुसरीत ए४ पूर्ण फाटलेली, किंवा ए२ नाहीतर ए३ अर्धवट. तिसरीत ए२ किंवा ए३ पूर्ण. चौथीत एकाहून जास्त पुली, किंवा एका पुलीबरोबर शेजारचा स्नायू वा सांध्याचा अस्थिबंधही (हाडाला हाड जोडणारा पट्टा) गेलेला. पहिल्या तीन श्रेणी शस्त्रक्रियेशिवाय बऱ्या होतात. चौथीला बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागते.

घडतं ते बहुतेक असं: पाय सटकतो, सगळं वजन अचानक क्रिम्पवर येतं आणि ‘कट’ असा आवाज होतो. तो शेजारी उभ्या असलेल्यालाही ऐकू जाऊ शकतो. अनामिका आणि मधलं बोट यांचा नंबर आधी लागतो. दुखणं तळव्याच्या बाजूला, बहुतेकदा पहिल्या पेराच्या मुळाशी, दाबलं की नेमकं एका जागी. आवाज झाला नाही म्हणून पुली शाबूत असं नाही. आवाज झाला म्हणून चौथी श्रेणी असंही नाही.

त्याच क्षणी काय करायचं, हा परिच्छेद मी सर्वांत काळजीने लिहिला. चढणं थांबवायचं. बोट पुन्हा पकडीवर लटकवून ‘बघू किती दुखतंय’ असं करायचं नाही. ही सवय आरोहकांमध्ये इतकी मुरलेली आहे की तिचा वेगळा उल्लेख हवाच. अर्धवट फाटलेली पुली पूर्ण फाडायला एवढी एक परीक्षा पुरते. बोट उंच ठेवायचं, गार शेक द्यायचा, अंगठी असेल तर सूज चढायच्या आत काढायची.

मग तपासणी. बोटाला जोर लावायला सांगून त्याच वेळी सोनोग्राफी केली की कंडरा आणि हाड यांतलं अंतर मोजता येतं. ए२ जवळ ते २ मिलिमीटरच्या पुढे गेलं की पूर्ण फाट असण्याची शंका घेतात. बोट आराम करत असताना काढलेल्या चित्रात हे सुटू शकतं. म्हणून वाचकाला एक वाक्य पाठ करायला देतोय: ‘बोटावर जोर देऊन सोनोग्राफी कराल का?’ एक्स-रे पुली दाखवत नाही, पण हाड मोडलेलं नाही हे कळण्यासाठी तो लागतो.

परतीचा काळ शॉफल यांच्या पद्धतीप्रमाणे दिला. पहिल्या श्रेणीत ४ आठवड्यांनी सोपी चढाई, ६ आठवड्यांनी पूर्ण. दुसरीत पूर्ण चढाई ६ ते ८ आठवड्यांनी. तिसरीत ६ ते ८ आठवड्यांनी सोपी, पूर्ण ३ महिन्यांनी. चौथीत शस्त्रक्रियेनंतर पूर्ण चढाईला साधारण ६ महिने. दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत सुरुवातीचे १० ते १४ दिवस बोट आधारात ठेवून मग लवकर हलवायला लागायचं. पुलीच्या जागी बसणारं कडक प्लास्टिकचं कडंही वापरतात. ते कंडरेला हाडाशी दाबून धरतं आणि फाटलेल्या टोकांना जवळ राहून भरून यायला वाव देतं.

३० जानेवारी

सर्जनकडे पहिली पानं तपासायला दिली होती. त्यांची एक टिप्पणी सगळ्या पुस्तिकेला हलवणारी आहे. त्या म्हणाल्या, “पुलीबद्दल सगळं बरोबर आहे. पण पुलीचा माणूस माझ्याकडे तीन आठवडे उशिरा आला तरी मी त्याला बरं करू शकते. जो उशिरा आला की माझ्या हातातून जातो, तो तुमच्या पुस्तिकेत कुठे आहे?”

त्यांनी पहिलं उदाहरण दिलं ते खोलवरच्या कंडरेचं. एका-दोन बोटांच्या पॉकेटवर (खडकातल्या छिद्रावर) लटकताना किंवा बोट अडकून झटका बसताना ही कंडरा शेवटच्या पेराच्या हाडापासून उपटली जाऊ शकते, कधी हाडाचा तुकडा घेऊन. उपटलेलं टोक मागे सरकत तळहातापर्यंत जाऊ शकतं. तसं झालं तर कंडरेचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती आखडते. लेडी आणि पॅकर यांच्या १९७७ च्या वर्गवारीत हा पहिला प्रकार. शस्त्रक्रियेसाठी हाताशी असतात ७ ते १० दिवस.

आणि हे बोट फार दुखेलच असं नाही! सूज येते, मुकामार वाटतो, माणूस बर्फ लावून घरी बसतो. तपासायची रीत सोपी आहे: मधलं पेर दुसऱ्या हाताने स्थिर धरायचं आणि फक्त टोकाचं पेर वाकवून पाहायचं. वाकत नसेल तर त्याच दिवशी हाताच्या डॉक्टरकडे जायचं.

अनुक्रमणिका मोडली. आता क्रम शरीराच्या भागांचा नाही, उशीर किती परवडतो याचा. आधी जिथे दिवस मोजावे लागतात त्या इजा, मग आठवडे चालतात त्या, मग महिनोन्महिने हळूहळू वाढणाऱ्या. पुली, जिच्याबद्दल सगळे बोलतात, ती मधल्या भागात गेली. मला हा क्रम मनापासून पटला आहे. दुखतंय किती यावरून निर्णय घेतले जातात आणि नेमकं तेच परिमाण बोटांच्या बाबतीत सर्वांत कमी उपयोगाचं आहे.

५ फेब्रुवारी

वाढत्या वयातल्या मुलांचं पान. हे पुस्तिकेचं पहिलं पान असावं असं आता वाटतंय.

मुलांच्या हाडांच्या टोकांजवळ वाढीची कूर्चा असते. तिथे हाड लांब होत असतं आणि ती जागा शेजारच्या अस्थिबंधांपेक्षा आणि पुलींपेक्षा कमकुवत असते. मोठ्या माणसाच्या बोटात ज्या ताणाने पुली जाते, तोच ताण मुलांच्या बोटात या कूर्चेला चिरडतो. क्रिम्प करताना मधल्या सांध्याच्या पाठीकडच्या बाजूला दाब येतो, म्हणून तडा बहुधा मधल्या पेराच्या बुडाशी, पाठीकडून जातो. मधलं बोट यात पुढे असतं. उंची भराभर वाढते तो काळ सर्वांत जोखमीचा.

इथे आवाज नसतो, अमुक दिवशी झालं असंही नसतं. मुलगा किंवा मुलगी काही आठवडे ‘सांधा दुखतोय’ म्हणत राहते, थोडा आराम केला की बरं वाटतं, चढलं की परत दुखतं. मोठ्यांना ते ताणल्यासारखं वाटतं. ओळखीची खूण अशी दिली आहे: मोठ्यांच्या पुलीचं दुखणं तळव्याच्या बाजूला, मुलांच्या कूर्चेचं दुखणं बोटाच्या पाठीकडे, मधल्या सांध्यावर. चित्रात दोन बोटं शेजारी काढून एकाच रंगाचा ठिपका दोन बाजूंना.

पानावरचा नियम: वाढ पूर्ण न झालेल्या मुलाचं बोट मधल्या सांध्यापाशी दुखत असेल, तर ती कूर्चेची इजा समजून चढणं थांबवायचं आणि एक्स-रे काढायचा. एक्स-रे स्वच्छ आला आणि दुखणं कायम असेल तर एमआरआय, कारण सुरुवातीचा तडा एक्स-रेत दिसत नाही. वेळेवर थांबलं तर बहुतेक बोटं काही आठवड्यांत ते काही महिन्यांत पूर्ण भरून येतात. थांबलं नाही तर कूर्चा वेडीवाकडी सांधते, बोट वाकडं राहतं, सांधा लवकर झिजतो. हे नुकसान आयुष्यभराचं, आणि टाळता येण्याजोगं आहे. या पानावर मी कुठलंही वाक्य मऊ केलेलं नाही.

प्रशिक्षकांसाठी चौकट: वाढत्या मुलांना वजन बांधून हँगबोर्ड (बोटांनी लटकायची फळी) नको, आणि साधारण १८ वर्षांपर्यंत कॅम्पस बोर्ड नको. कॅम्पस बोर्ड हे साधनच मुळात एका तयार, प्रौढ शरीरासाठी जन्मलं. वोल्फगांग ग्युलिख या जर्मन आरोहकाने न्यूरेंबर्गच्या ‘कॅम्पस’ व्यायामशाळेत १९८८ मध्ये ते बसवलं, आणि १९९१ मध्ये ‘अॅक्शन डिरेक्ट’ हा अतिकठीण मार्ग पूर्ण केला. पायांचा आधार न घेता लाकडी पट्ट्यांवर उड्या मारायचं ते यंत्र तेरा वर्षांच्या मुलासमोर टांगून ठेवणं हा मोठ्यांचा निष्काळजीपणा आहे.

पालकांना उद्देशून एक ओळ: मूल स्पर्धेच्या आधी दुखणं लपवतं. म्हणून ‘दुखतंय का?’ विचारून थांबू नका, दोन्ही हातांची बोटं मिटून-उघडून शेजारी शेजारी पाहा.

१२ फेब्रुवारी

टेप. यावर सगळ्यांचीच ठाम मतं असतात, म्हणून आकडेच मांडले. स्वित्झर्लंडचे हाताचे सर्जन आंद्रेआस श्वायत्सर यांनी २००० साली मोजलं: ए२ वर गुंडाळलेली टेप कंडरेच्या सुटू पाहणाऱ्या बळातलं सुमारे ११ टक्के बळ घेते. कंडरा हाडापासून दूर जाणं तिने अवघं २.८ टक्के कमी होतं. तीच टेप पहिल्या पेराच्या पुढच्या टोकाला, मधल्या सांध्याजवळ गुंडाळली तर ते २२ टक्के कमी होतं. नंतर २००७ मध्ये इसाबेल शॉफल आणि सहकाऱ्यांनी एच आकाराची टेप तपासली. फाटलेल्या पुलीच्या बोटात तिने कंडरा आणि हाड यांतलं अंतर १६ टक्क्यांनी घटवलं.

याचा सरळ अर्थ: बऱ्या होत आलेल्या बोटाला टेपने थोडी मदत होते. धडधाकट बोटाची पुली टेपमुळे वाचेल असं समजू नये. टेप लावली म्हणून कठीण क्रिम्पवर जायचं धाडस येत असेल तर ती न लावलेली बरी. एच टेपची चार चित्रं घेतोय. शेंडा निळसर पडला किंवा बधिर झाला तर टेप लगेच सोडायची, हे चित्राखालीच.

कातडं सोलणं आणि भेगा यांना याच पानावर चार ओळी. जखम धुवा, लोंबणारं कातडं छाटा, झाका, कोरडी भेग कानशीने सपाट करा. एवढं पुरे.

१८ फेब्रुवारी

अंगठा. ज्यांच्याशी बोलतोय ते सगळे बोटांबद्दल भरभरून सांगतात, आणि अंगठा दुखत असेल तर ‘होईल बरा’ म्हणतात. अंगठ्याला पुस्तिकेत बोटांच्या बरोबरीची जागा हवी.

पहिली गोष्ट, बळाचं गणित. कूनी आणि चाओ यांनी १९७७ मध्ये दाखवलं की अंगठ्याच्या टोकाशी चिमटीत १ किलो बळ लावलं तर टोकाच्या सांध्यावर सुमारे ३, मधल्या सांध्यावर ५.४ आणि मनगटाजवळच्या बुडाच्या सांध्यावर १२ किलोचा दाब येतो. पिंच पकडीवर आपण किती जोर लावतो ते आठवून हा गुणाकार करून पाहावा. अंगठ्याच्या बुडाशी महिनोन्महिने रेंगाळणारं दुखणं इथून येतं. मोठ्या पिंचवर एकामागून एक दिवस सराव, मधे विश्रांती नाही, आणि मग बरणीचं झाकण फिरवतानाही कळ.

दुसरी, आणि उशीर न परवडणारी: अंगठ्याच्या मधल्या सांध्याचा आतला, तर्जनीकडचा अस्थिबंध. पडताना अंगठा कुठेतरी अडकून बाहेर फाकला, किंवा क्रॅकमध्ये (खडकाच्या भेगेत) अडकवून जॅम केलेला हात शरीर फिरताना पिळला गेला, की हा तुटतो. बर्टिल स्टेनर या स्वीडिश सर्जनने १९६२ मध्ये वर्णन केलेली अवस्था इथे महत्त्वाची आहे: तुटलेलं टोक शेजारच्या स्नायूच्या पडद्याबाहेर निसटतं आणि तो पडदा मधे येतो. दोन टोकं एकमेकांना भेटूच शकत नाहीत, कितीही महिने पट्टी बांधली तरी. तिथे शस्त्रक्रियाच लागते आणि ती लवकर केलेली चांगली. खुणा: सांध्याच्या आतल्या बाजूला सूज, कधी हाताला लागणारी गाठ, चिमटीत किल्ली धरून फिरवताना जोरच न येणं. सांधा सैल आहे का हे घरी फाकवून पाहायचं नाही. ती परीक्षा डॉक्टरच्या हातची.

तिसरी: अंगठ्याच्या बाजूने मनगटावर दुखणं. तिथून जाणाऱ्या दोन कंडरांच्या आवरणाला सूज येते. फ्रिट्झ द कर्व्हां या स्विस सर्जनने १८९५ मध्ये ही व्याधी सांगितली. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवलं की तीव्र कळ येते. चढण्याखेरीज फोनवर सतत अंगठा चालवणं आणि बाळाला उचलणं यांनीही ती वाढते. म्हणून फक्त चढणं थांबवून ती जातेच असं नाही.

क्रॅक चढणाऱ्यांसाठी: हँड जॅममध्ये अंगठा तळहातात दुमडून बुडाचा स्नायू फुगवतात, तोच जॅमचा जोर. अंगठा खाली करून लावलेल्या जॅमवर शरीर वळतं तेव्हा पीळ सांध्यांवर जातो. हात काढून पुन्हा लावायला जागा असेल तर लावावा.

फुल क्रिम्पमध्ये अंगठा तर्जनीला दाबतो, त्याने पकड घट्ट होते आणि बोटांवरचा ताणही वाढतो. सवय म्हणून दर पकडीवर अंगठा चढवणाऱ्यांना मी आधी अर्ध्या क्रिम्पवर (अंगठा न चढवता) आणतो. पकड तुटत नाही, हे त्यांना स्वतःलाच दिसतं.

२६ फेब्रुवारी

छोट्या पण फसव्या इजांचं पान. एका बोटाच्या पॉकेटवर अनामिका ताणलेली आणि शेजारची बोटं मिटलेली असतात, तेव्हा तळहातातला एक बारीक स्नायू दोन दिशांना ओढला जाऊन फाटू शकतो. त्याचा उगम दोन शेजारच्या कंडरांवर असतो. खूण मजेदार आहे: शेजारची बोटं मिटून एका बोटावर भार दिला की तळहातात दुखतं, सगळी बोटं सरळ ठेवून दिला की दुखत नाही. दुखरं बोट शेजारच्या बोटाला टेपने जोडून ठेवायचं, आणि एका बोटाची पॉकेट बंद.

बोट क्रॅकमध्ये पिळलं तर मधल्या सांध्याच्या बाजूचे अस्थिबंध. वर्षानुवर्षं चढणाऱ्यांचे मधले सांधे जाड आणि सकाळी आखडलेले. दोन्हींना एकेक परिच्छेद.

३ मार्च

दोर आणि धातू. बोटं तुटण्याच्या घटना क्रिम्पमुळे होत नाहीत, त्या इथे होतात. पडताना दोराचा वेढा अंगठ्याभोवती किंवा बोटाभोवती आवळतो. घाबरून क्विकड्रॉ (दोर अडकवायची, दोन टोकांना धातूची कडी असलेली पट्टी) पकडायला गेलेलं बोट कॅराबिनरमध्ये (त्या कडीत) किंवा खडकात ठोकलेल्या बोल्टच्या भोकात अडकतं आणि बाकीचं शरीर खाली जातं. बोटातली अंगठी कडेला अडकून कातडं सोलून नेते.

म्हणून: चढण्याआधी अंगठी काढायची, अपवाद नाही. बोल्टच्या भोकात बोट घालायचं नाही. पडतोय असं वाटलं तर क्विकड्रॉ पकडायचा नाही. दोर हाताभोवती गुंडाळायचा नाही. बिले करताना (खालून जोडीदाराचा दोर सांभाळताना) ब्रेकचा हात उपकरणाला इतका चिकटवायचा नाही की अंगठ्याचं कातडं आत ओढलं जाईल, आणि तरी ब्रेकचा दोर कधीही सोडायचा नाही.

तुकडा तुटलाच तर: जखमेवर दाब, हात वर. तुकडा ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून बंद पिशवीत, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर पेशी गोठून मरतात. हे मलपृष्ठाच्या आत, लाल पट्टीत.

१० मार्च

काही आरोहकांना मसुदा वाचायला दिला. सर्वांत उपयोगी सूचना एका तरुणीची: ‘सुरुवातीला मला विचारा, मग सांगा.’ तिचं म्हणणं बरोबर आहे. इजेचं नाव माहीत नसलेला वाचक नावाने पान कसं शोधणार? आता दुसऱ्या पानावर चार प्रश्न: वय काय? दुखतंय नेमकं कुठे, तळव्याकडे की पाठीकडे, कोणत्या पेरावर? एकदम झालं की हळूहळू? कोणती हालचाल होतच नाही? प्रत्येक उत्तरापुढे पान क्रमांक. ‘दहापैकी किती दुखतंय’ हा प्रश्न घातलेला नाही.

१६ मार्च

परत चढण्याचं प्रकरण. नुसता आराम आणि मग एकदम पूर्वीची चढाई, हे सर्वत्र दिसणारं चक्र मोडायचं आहे. कंडरा आणि अस्थिबंध भार मिळाल्याने घट्ट होतात. स्नायूंपेक्षा त्यांना वेळ जास्त लागतो. नवख्याचं बळ काही महिन्यांत वाढतं आणि बोटांच्या पुली त्या वेगाने तयार होत नाहीत. बहुतेक इजा याच फटीत होतात.

शरीरक्रियाशास्त्रज्ञ कीथ बार यांच्या, प्रयोगशाळेत घडवलेल्या अस्थिबंधांवरच्या कामात दिसलं की साधारण १० मिनिटांच्या भारानंतर ऊतीचा प्रतिसाद थांबतो आणि पुन्हा जागा व्हायला ६ तास लागतात. ते माणसाचं बोट नव्हे, तरी त्यातून एक व्यवहार्य दिशा मिळते: दिवसातून एकदा बोटं पिळून काढण्याऐवजी थोडा भार, मधे मोठी विश्रांती, परत थोडा भार. आम्ही दिलेली पायरी: पाय जमिनीवर ठेवून मोठ्या कडेवर हलका भार, दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं नाही तर थोडा जास्त, मग मोठ्या पकडींची चढाई, मग ओपन हँड, सर्वांत शेवटी क्रिम्प. निर्णय त्या क्षणीच्या दुखण्यावर नाही, दुसऱ्या सकाळच्या बोटावर.

औषधांची चौकट. वेदनाशामक खाऊन चढू नये, इशारा देणारी यंत्रणाच बंद होते. कंडरेजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यायचं तर हाताच्या डॉक्टरकडूनच आणि नंतर चढण्यात खंड ठेवून, कारण ते कंडरेला कमकुवत करू शकतं. आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली प्रतिजैविकं: यांनी कंडरा फाटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००८ मध्ये त्यांच्यावर ठळक इशारा छापायला लावला. साध्या संसर्गासाठी ही औषधं लिहून दिली जातात आणि चढणाऱ्याला कुणी सांगत नाही. डॉक्टरांना ‘मी बोटांवर लटकतो’ एवढं सांगा, ते दुसरा पर्याय पाहू शकतात.

२१ मार्च

शरीर तापवणं. श्वायत्सर यांच्या मोजणीनुसार साधारण शंभरेक चढाईच्या हालचालींनंतर पुली आणि कंडरा भाराला सरावतात. म्हणजे मनगटं फिरवून लगेच कठीण बोल्डरवर (दोराशिवाय चढायच्या ठेंगण्या खडकावर) जाणं पुरेसं नाही. मोठ्या पकडींवर सोप्या चढाया, हळूहळू लहान पकडी. अर्धं पान.

२८ मार्च

अंतिम क्रम ठरला: मुलांचं पान, चार प्रश्न, उशीर न चालणाऱ्या इजा (उपटलेली कंडरा, अंगठ्याचा अस्थिबंध, तुटलेलं बोट), मग पुली, अंगठ्याची बाकीची दुखणी, छोट्या इजा, परत चढणं, टेप, शरीर तापवणं. रचनेचं पान शेवटी गेलं. ज्याला कुतूहल आहे तो तिथपर्यंत जाईलच.

सर्जनने सगळी पानं पाहिली. त्यांनी एकच बदल सुचवला: टोकाचं पेर वाकवण्याच्या परीक्षेत प्रत्येक बोट वेगळं तपासायचं, एकत्र नाही, हे चित्राखाली लिहावं. लिहिलं. हाताच्या तळाशी असलेल्या आकडीसारख्या हाडाला अंडरक्लिंग (खालून धरायच्या) पकडींनी जाणारा तडा या आवृत्तीत बसला नाही, तो पुढच्या आवृत्तीत.

चित्रकाराकडे दोन कामं राहिली: अंगठ्याच्या अस्थिबंधाच्या चित्रात बाण तर्जनीच्या बाजूने यायला हवा, आणि मुलांच्या पानावरचा ठिपका काळ्या-पांढऱ्या छपाईतही उठून दिसला पाहिजे, कारण पुस्तिकेच्या प्रती झेरॉक्स होऊनच फिरणार.